मुंगसाला पुरून उरेल असं खुराडं

‘रात्री खुराड्याचं दार लावलं की झालं’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. रात्री येतं ते रानमांजर. मुंगूस येतं भर दिवसा, कोंबड्या बाहेर माती उकरत असताना. त्यामुळे हात आखडायचाच असेल तर खुराड्यात आखडा, बाहेरच्या कुंपणात नको.

दहा गावरान कोंबड्यांना 4 बाय 5 फुटांचं खुराडं पुरतं. जोतं फूटभर उंच, लांब बाजू पूर्व-पश्चिम. भिंतींचा वरचा दीड फूट जाळीचा ठेवा, नाहीतर विष्ठेचा वास आत कोंडतो आणि कोंबड्या शिंकू लागतात. वळचण दोन फूट बाहेर काढा. खाली भाताचं तूस, तीन-चार बोटं जाड. बसायला दोन इंची दांडे, कडा घासून. प्रत्येक कोंबडीला आठ इंच, म्हणजे पाच फुटी दोन दांडे लागतील. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद तीन खोकी, पण दांड्यांपेक्षा खाली. खोकी वर गेली की कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी घाणीत लडबडतात.

आता कुंपण. जागा 10 बाय 10 फूट, खांब सहा फुटी, म्हणजे आत उभं राहून झाडता येतं. दुकानदार ‘चिकन मेश’ म्हणून षटकोनी जाळी गळ्यात मारेल. ती घेऊ नका. ती कोंबडी आत ठेवते, बाकीच्यांना बाहेर ठेवत नाही: तार बारीक, कुत्रा दातांनी फाडतो आणि कोकणच्या हवेत तिला लवकर गंज धरतो. खालच्या भागाला अर्धा इंची जीआय वेल्डमेशच हवी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा जोडून केलेली चौकोनी जाळी. वर एक इंची वेल्डमेश चालते.

जाळी जमिनीला टेकवून खिळे मारले की काम संपलं असं वाटतं, आणि मुंगूस तिथूनच शिरतं. जाळी दोन फूट खोल उभी पुरा, असं सांगणाऱ्याने जांभ्यात पहार मारून पाहावी. त्यापेक्षा जाळी आडवी पसरा. चार फुटी जाळी घ्या, अडीच फूट उभी ठेवा आणि उरलेला दीड फूट काटकोनात बाहेरच्या बाजूला वळवा. आतल्या बाजूला वळवलीत तर उपयोग शून्य. मुंगूस कुंपणाच्या अगदी पायाशी उकरतं. पंजा जाळीला लागला की थोडं बाजूला सरकून पुन्हा पायाशीच उकरतं. दीड फूट मागे जाऊन खणावं हे त्याला सुचत नाही. आडव्या जाळीवर दोन-तीन इंच माती आणि तिच्यावर दगड ठेवा.

फसगत होते ती कोपऱ्यांत. जाळी बाहेर वळवताना कोपऱ्यावर कापावी लागते आणि दीड फुटाचा चौकोन उघडा राहतो. तिथे 2 बाय 2 फुटांचा तुकडा टाका आणि कडेने चार-चार बोटांवर बांधणीच्या तारेने आवळा. उभ्या जोडालाही तीन इंच जाळी एकावर एक हवी. कोपऱ्यांचे तुकडे धरून साधारण 48 फूट जाळी लागते.

दुसरी फट दाराखाली. दार घासू नये म्हणून सुतार दोन बोटं जागा सोडतो. मुंगसाला ती पुरते. खाली चिऱ्याचा उंबरठा बसवा, दार आणि चिरा यांत अर्धा इंचच ठेवा. आडवी जाळी उंबरठ्याखालूनही जाऊ द्या.

वरून घार आणि शिक्रा येऊ नयेत म्हणून नायलॉनची जाळी ताणून बांधा. पालापाचोळा साचून ती झोळीसारखी लोंबते, आठवड्याला झाडा. खाद्य रात्री आत ठेवू नका: उंदीर येतात, त्यांच्यामागे धामण येते आणि जाताजाता अंडीही गिळते.

मातीतली जाळी दरवर्षी मे महिन्यात उघडून बघा. बोटांनी दाबल्यावर तार तुटली तर तेवढा पट्टा पावसाआधी बदला.