इसार देण्याआधी टेप लावा: शहराच्या कडेचा प्लॉट कसा तपासायचा

छत्रपती संभाजीनगर घ्या, नांदेड घ्या, लातूर घ्या, शहराची कड बहुतेक एकेका एकराने वाढली. शेतात चुना मारला, प्लॉट पाडले, विकले. पाणी, ड्रेनेज आणि रस्ता मागत फिरायची वेळ मात्र राहायला आलेल्या माणसांवर आली. घरं उभी राहिली की रस्ता रुंद होत नाही. म्हणून जे काही तपासायचं ते इसार देण्याआधीच.

एकराचा हिशेब

सगळ्यात आधी कागद-पेन घ्या. एक एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. आपल्याकडचा नेहमीचा प्लॉट 30 बाय 40, म्हणजे 1,200 चौरस फूट. जागा 40 आर (साधारण एक एकर) किंवा जास्त असेल तर 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ले-आउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. एकराला ती 4,356 चौरस फूट होते. आतला रस्ता 150 मीटर लांबीपर्यंत किमान 9 मीटर, म्हणजे साडेएकोणतीस फूट रुंद हवा. त्याहून लांब रस्ता किमान 12 मीटरचा. हे सगळं सोडल्यावर विकायला साधारण 55 ते 60 टक्के जमीन उरते, आणि त्यात वीस-बावीस प्लॉट बसतात.

आता एजंटाने त्याच एकरात 30 प्लॉट दाखवले असं धरा. 36,000 चौरस फूट प्लॉटांतच गेले, उरले 7,560. खुली जागा वजा केली की रस्त्याला 3,204. एवढ्यात 9 मीटरचा रस्ता जेमतेम 108 फूट लांब होतो, आणि चौरस एकराची एक बाजूच 208 फुटांची असते. याचा अर्थ एक तर खुली जागा नुसती कागदावर आहे, नाहीतर रस्त्याचा बोळ केलाय. नकाशावरचे प्लॉट मोजायला दोन मिनिटं लागतात, ती वाचवू नका.

मग जागेवर जाऊन टेप लावा. ‘20 फुटी रस्ता’ ऐकायला बरा वाटतो, पण तो 6 मीटरच. दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट ओटे आणि पायऱ्या पुढे आल्या की उरतात 14 फूट. त्यात पाण्याचा टँकर उभा असला की ॲम्ब्युलन्स जात नाही. पाण्याची लाइन आणि ड्रेनेज एकमेकांना खेटून टाकावी लागते, आणि पुढे नळाला घाण पाणी येण्याचं एक मोठं कारण हेच असतं.

कागद

ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा काढा. नाव आणि क्षेत्र सगळेच बघतात, तुम्ही ‘इतर हक्क’ आणि भूधारणा पद्धतही बघा. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय खरेदी करू नका. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथे मदतमाश आणि खिदमतमाश (चरितार्थासाठी किंवा सेवेबद्दल दिलेली इनामं), देवस्थान इनाम आणि वक्फच्या जमिनी पुष्कळ आहेत. कूळकायदाही हैदराबादचा, 1950 चा. आजच्या सातबाऱ्यावर इनामाचा शब्द दिसेलच असं नाही. तहसीलमधून 1954-55 चं खासरा पत्रक आणि तेव्हापासूनचे सगळे फेरफार काढा. मूळ धारक इनामदार निघाला तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नंतर नियोजन प्राधिकरण कोणतं ते विचारा: महापालिका, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण की आणखी कोणी. त्यांच्या नगररचना विभागातून गट नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. जमीन यलो (रहिवासी) झोनमध्ये आहे की ग्रीन (शेती) झोनमध्ये, आरक्षण पडलंय का, विकास आराखड्यातला रस्ता प्लॉटवरून जातो का, हे त्यातून कळतं. तोंडी उत्तर इथे चालत नाही, सही-शिक्क्याचा कागद हवा.

एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर ले-आउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ले-आउटची तात्पुरती मंजुरी दाखवून प्लॉट विकतात, तुम्ही अंतिम मंजुरीचा नकाशा मागा. त्यावर ‘खुली जागा’ लिहिलेला तुकडाच पुढे प्लॉट म्हणून विकला जातो, हा फार जुना प्रकार आहे. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणीही तपासा.

ग्रामपंचायतीचा पीटीआर (मालमत्ता कराचा उतारा) किंवा नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंद, मालकी नव्हे. पाचशेच्या बॉण्डवर नोटरी केल्यानेही मालकी मिळत नाही. ‘गुंठेवारीत होऊन जाईल’, म्हणजे विनापरवाना पाडलेला प्लॉट पुढे नियमित होईल, असं कोणी म्हणालं तर तारीख विचारा. 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली. त्यानंतर पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही.

जमीन

प्लॉट मे महिन्यात पाहून ठरवू नका. चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी जा. गाव नकाशावर ओढा दिसतो आणि जागेवर सपाट मुरूम दिसतो, म्हणजे ओढा बुजवलाय. पाणी आपली वाट सोडत नाही, ते तुमच्या जोत्यावर येणार. नाल्याच्या काठापासून 9 मीटर आणि नदीपासून 15 मीटर बांधकाम करता येत नाही, हेही मोजून घ्या. एका कोपऱ्यात चार-पाच फूट खड्डा घेऊन मुरूम कुठे लागतो ते बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यातच ठेवला तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरक्या चिरा पडतात. आजूबाजूचे बोअर किती फुटांवर आहेत आणि मार्चनंतर चालतात का, हे शेजाऱ्यांना विचारा, एजंटाला नको.

सगळं जुळलं तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्या, मगच रजिस्ट्री.

आराखडा जाहीर झाल्यावर

आधीच प्लॉट घेतलेल्यांसाठीही एक काम आहे. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ठरावीक दिवसांचीच मुदत मिळते. वस्तीतल्या लोकांनी एकत्र बसून आराखड्यावर आपला गट नंबर शोधावा. अर्जात गट नंबर, क्षेत्र, हरकत नेमकी कशाला आणि बदल काय हवा, एवढंच लिहा; सोबत सातबारा आणि भाग नकाशावर लाल पेनाने केलेली खूण जोडा. शंभर जणांच्या सह्यांचा एक मोघम अर्ज देण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या प्लॉटचा वेगळा अर्ज द्यावा, म्हणजे सुनावणीला प्रत्येकाला बोलता येतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती जपून ठेवा, सुनावणीला तीच लागते.