आत्ता पाणी किती? मोठ्या आघातातून गेलेल्या माणसाला स्वतःला सावरायला कसं शिकवावं

पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आयर्विनला पाणी किती?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी नदीची पातळी किती. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. ते ओसरल्यावर मी ज्या बायकांबरोबर बसायला लागले, त्यातली एक म्हणाली, ‘मॅडम, आज सकाळपासनं पानी लई चढलंय बघा.’ बाहेर कडक ऊन होतं. ती स्वतःच्या छातीबद्दल बोलत होती. अस्वस्थता मोजायची एक ते दहा आकड्यांची छापील पट्टी मी त्या दिवसापासून पिशवीतून बाहेर काढलेली नाही.

पूर असो, घाटातला अपघात असो की घरातली मारहाण, अशा माणसाशेजारी बसणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहितेय. घरचे, शेजारचे, आशाताई, शिक्षक, कुणीही. हा उपचार नव्हे. उपचार चालू असताना आणि नसतानाही रोज लागणारी ही गोष्ट आहे.

बसायची जागा त्यांना निवडू द्या, दार त्यांच्या नजरेसमोर असू द्या. बघ्या नातेवाइकांना चहाला पाठवा.

मग शरीरात काय चाललंय ते सांगा, पण भाषण नको. मी एवढंच सांगते: ‘मेंदूत एक राखणदार आहे. धोका दिसला की तो विचार करत बसत नाही, आधी भोंगा वाजवतो. म्हणून छाती धडधडते, हाताला घाम सुटतो. त्या दिवशी त्यानं तुम्हाला वाचवलं. आता भांडं पडलं तरी तो भोंगा वाजवतोय, कारण त्याला अजून कुणी सांगितलं नाही की ते संपलं. तुम्हाला वेड लागलेलं नाही.’ शेवटच्या वाक्यावर बहुतेकांचे खांदे खाली येतात. त्या वाक्याची वाट बघत ते कित्येक महिने गप्प असतात.

त्यानंतर त्यांची स्वतःची मोजायची पट्टी करा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी १९९९ मध्ये मांडलेली एक कल्पना आहे, ‘सहनशीलतेची खिडकी’. मराठीत ती लाकडी वाटते, पण मुद्दा पक्का आहे: माणसाला झेपेल असा एक मधला पट्टा असतो. त्याच्या वर गेलं की धडधड, चिडचिड, पळावंसं वाटणं. खाली गेलं की सुन्नपणा, जडपणा, आपण काचेपलीकडून बघतोय असं वाटणं. ज्याची त्याला आपली खूण शोधू द्या. एकाचा जबडा आवळतो, दुसरीच्या कानात गुंई होतं, तिसऱ्याला अंगावरचा शर्टही टोचायला लागतो. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न टाळा, त्याला ‘बरं आहे’ यापलीकडं उत्तर येत नाही. ‘आत्ता पाणी किती?’ विचारा. मात्र पुरातून वाचलेल्या काहींना पाण्याचं नावही नको असतं. त्यांच्याशी गॅसच्या शेगडीची भाषा बोला: मोठा, मध्यम, बारीक, विझलेला.

इथपर्यंत कुणालाही जमतं. खरा घोळ होतो तो पट्टीच्या खालच्या टोकाला, आणि तिथं मी स्वतः आपटले आहे.

पूरग्रस्तांची सोय केलेल्या एका शाळेत सांगलीवाडीच्या एक काकू होत्या. रडत नव्हत्या, विचारलं त्याला उत्तर देत होत्या, दुसऱ्यांना चहा वाटत होत्या. मी वहीत लिहिलं, ‘स्थिर’. दुपारी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि दीर्घ श्वास, अंग सैल, वगैरे सुरू केलं. काकू इतक्या निश्चल बसल्या की मला वाटलं, ध्यान लागलं. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. सगळ्यांनी डोळे उघडले तरी त्या तशाच. हात बर्फासारखे गार, हाकेला ओ नाही. मी गोंधळून ‘काकू, काकू’ करत होते, तेवढ्यात शेजारची बाई उठली, मेथीची जुडी त्यांच्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, ‘धर गं, निवड. रातच्याला भाजी करायची हाय.’ काकूंची बोटं हलली. एक पान तुटलं, मग दुसरं. दहाएक मिनिटांनी त्यांनी मान वर करून विचारलं, ‘मीठ कुठाय?’

त्या बाईनं जे केलं तेच मी आजही शिकवते. खालच्या टोकाला गेलेला माणूस शांत दिसतो, पण तो शांत नसतो, गोठलेला असतो. त्याला आणखी शांत करू नका. डोळे मिटायला लावू नका, आडवं करू नका, श्वास मोजायला सांगू नका. आधी हाताला काम द्या. खरखरीत, जड किंवा गार वस्तू बरी: शेंगा, गार पाण्याचा तांब्या, हळकुंड. हळद तर आपल्याकडं घरोघरी आहे आणि तिला वासही असतो. पण वास आधी विचारून घ्या. ओल्या मातीचा वास लोकांना छान वाटतो म्हणे; ज्यांनी घरातून गुडघाभर गाळ उपसलाय त्यांना तो सहन होत नाही. मग पाय जमिनीवर दाबायला सांगा, जमलं तर उभं करून दोन्ही हातांनी भिंत ढकलायला लावा. आणि साधं बोलत राहा: ‘आज मंगळवार. आपण विश्रामबागेत आहोत. बाहेर भडंगवाला चाललाय.’ हात लावायचा तर विचारून. पाठीवर अचानक पडलेला मायेचा हातसुद्धा भोंगा वाजवतो.

यानंतरच्या टप्प्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. मेथी निवडता निवडता काकू थरथरायला लागल्या, मग ढसाढसा रडल्या. मी घाईनं ‘बास, बास, रडू नका’ केलं. ही माझी त्या दिवशीची दुसरी चूक. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो आणि उठताना मुंग्या येतात, तसंच हे आहे. मुंग्या आल्या म्हणून पाय पुन्हा दाबून कुणी बधिर करत नाही. सुन्नपणातून परत येताना थरथर, रडू, कधी राग, असं पाणी एकदम चढतं. शेजारी बसा, ‘हे होतं, उतरेल’ एवढंच म्हणा.

वरचं टोक त्या मानानं सोपं. ‘शांत हो’ म्हणू नका, त्यानं आजवर कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. ‘मोठा श्वास घे’ हाही भंगार सल्ला आहे. घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा ओढत असतो; रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि त्याला वाटतं आपण आता मरतोय. लक्ष श्वास सोडण्याकडं हवं. चार आकडे घ्या, सहा आकडे सोडा, गरम चहावर फुंकर मारल्यासारखं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून हे चालतं. श्वासाकडं बघूनच भीती वाटत असेल तर सोडून द्या, अंगणात फेऱ्या मारा.

सराव पाणी झेपेल इतकं असताना करायचा, रोज पाच मिनिटं.

‘सगळं सांगून टाक, मन मोकळं होईल’ असा आग्रह कुणी धरत असेल तर त्याला बाहेर बसवा. दुर्घटनेनंतर एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. सांगायचं तेव्हा माणूस सांगतो, आणि मध्येच पाणी चढलं तर थांबायचं ठरवतो तोच.

महिना उलटूनही झोप नसेल, तेच तेच डोळ्यांसमोर येत असेल, कामाला हात लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा निघाली तर महिना बघू नका, त्याच दिवशी न्या, तोवर एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

पूरग्रस्तांसाठी एक तयारी मात्र जुलैतच करा. कोयनेचा विसर्ग वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की लोक रात्री दोनला उठून मोबाइल बघतात. त्यात ८ ऑगस्ट जवळ आलेला असतो, २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळ गावात बोट उलटली तो दिवस. माझ्या ओळखीच्या घरांत मी आधीच ठरवून घेते: पाण्याची पातळी दिवसातून दोनदा, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला, घरातल्या एकानंच बघायची आणि बाकीच्यांना सांगायची. व्हॉट्सॲपचे पुराचे ग्रुप म्यूट. कागदपत्रांची पिशवी दाराजवळच्या खिळ्याला. काकूंकडं हे आकडे बघायचं काम नातवाकडं आहे. त्या फक्त विचारतात, ‘उतरतंय का रं?’