साइटवरच्या परक्या कुकी: शोधायच्या कशा, काढायच्या कशा

वाचक येतो तुमच्या साइटवर, पण त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे त्याला पुन्हा ओळखण्यासाठी ठेवलेली छोटी नोंद, बसते भलत्याच कंपनीची. बहुतेक वेळा तिला दार आपणच उघडून दिलेलं असतं. यूट्यूबचा व्हिडिओ, शेअरची बटणं, जाहिरातीची चौकट, हे सगळं आपण हौसेने चिकटवलेलं असतं. तीच कंपनी असंख्य साइटवर बसलेली असते आणि तिची कुकी तिला प्रत्येक ठिकाणी परत मिळते. त्यामुळे सकाळी मधुमेहावरचा लेख वाचणारा आणि दुपारी कर्जाचे व्याजदर पाहणारा माणूस एकच आहे, हे तिला नाव न विचारता कळतं.

तपासणी क्रोममध्ये करा. सफारी २०२० पासून अशा कुकी सरसकट अडवतो. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटला कुकींची वेगळी बरणी दिली आहे. क्रोमने मात्र त्या बंद करण्याची घोषणा २०२० मध्ये केली, तारखा पुढे पुढे ढकलल्या आणि २०२५ मध्ये बेतच सोडून दिला.

इथे पुष्कळ जण फसतात ते इन्कॉग्निटो खिडकीत. तिथे क्रोम परक्या कुकी मुळातच अडवतो, म्हणून साइट स्वच्छ दिसते. त्याऐवजी नवी प्रोफाइल तयार करा, त्यात गुगल खात्याने लॉगिन करू नका आणि वर्डप्रेसच्या ॲडमिनमध्येही शिरू नका. काही प्लगइन ॲडमिनसाठी ट्रॅकिंग बंद ठेवतात, मग वाचकाला जे मिळतं ते तुम्हाला दिसतच नाही.

आता एफ १२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’ आणि ‘डिसेबल कॅशे’ला खूण करा आणि पान पुन्हा लोड करा. कुकींना परवानगी मागणाऱ्या संमतीच्या पट्टीवर काहीही दाबू नका. पान तळापर्यंत सरकवा, कारण खालचे व्हिडिओ तिथे पोहोचल्यावरच लोड होतात. मग फिल्टरमध्ये फक्त थर्ड पार्टी रिक्वेस्ट, म्हणजे परक्या डोमेनकडे गेलेल्या विनंत्या, निवडा. शेवटी ॲप्लिकेशन टॅबमधल्या कुकीज उघडून डोमेनचा रकाना वाचा. तुमच्या डोमेनची नसलेली प्रत्येक ओळ वहीत लिहा. डबलक्लिकची ‘आयडीई’ नावाची कुकी दिसली, तर ती जाहिरातीची.

पण हा रकाना अर्धंच सांगतो. फेसबुकची कंपनी मेटा हिच्या पिक्सेलची, म्हणजे वाचकाचा माग ठेवणाऱ्या कोडच्या तुकड्याची, ‘एफबीपी’ कुकी तुमच्याच डोमेनच्या नावाने बसते आणि माहिती मात्र मेटाकडे जाते. म्हणून कुकींपेक्षा विनंत्यांच्या यादीवर जास्त विश्वास ठेवा. पानात थेट घातलेल्या स्क्रिप्टला पानाचा पूर्ण पत्ता वाचता येतो. आयफ्रेमला, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटीला, आजच्या ब्राउझरमध्ये एरवी फक्त साइटचं नाव कळतं. आजारांवर किंवा कायद्याच्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या साइटसाठी हा फरक मोठा आहे, कारण तिथे पत्त्यातच विषय असतो.

काढायला सुरुवात सोप्या टोकापासून करा. शेअरची बटणं काढून त्या जागी साधे दुवे द्या. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ‘डब्ल्यूए डॉट एमई’चा दुवा पुरतो, स्क्रिप्ट लागत नाही. यूट्यूबच्या एम्बेड कोडमध्ये डोमेन बदलून ‘यूट्यूब-नोकुकी’ करा. तरीही पान उघडताच वाचकाचा आयपी पत्ता गुगलकडे जातोच. तेही नको असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर व्हिडिओचं चित्र ठेवा आणि त्यावर क्लिक झाल्यावरच आयफ्रेम लोड होऊ द्या. फॉन्टचंही तसंच. गुगल फॉन्ट्समधून येणारा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट कुकी ठेवत नाही, पण आयपी पत्ता पाठवतो. त्याचा परवाना खुला आहे, तेव्हा फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला काहीच हरकत नाही.

टॅग मॅनेजर, म्हणजे असे परके कोड (टॅग) एका जागेवरून साइटवर घालायचं साधन, असेल तर त्याच्या आतले टॅग एकेक उघडून पाहा. जाहिरात संस्थेने एका मोहिमेसाठी घातलेला पिक्सेल मोहीम संपल्यावरही तिथे पडून राहतो आणि थीमच्या कोडमध्ये कितीही शोधलंत तरी सापडत नाही.

जे ठेवायचंच आहे त्यासाठी संमती घ्या, पण पट्टी नुसती शोभेची नको. ‘नको’ दाबून वरची तपासणी पुन्हा करा. यादी तशीच राहिली, तर पट्टी टॅगना जोडलेलीच नाही. ‘नको’चं बटण ‘हो’इतकंच सहज सापडायला हवं. याच मुद्द्यावर फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला होता. युरोपातल्या मराठी मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून साइट चालवत असाल तर अनावश्यक कुकींआधी संमती लागतेच. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती मुक्त, विशिष्ट आणि निःसंदिग्ध असावी अशी अट घातली आहे. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन त्यात बसवणं अवघड आहे.

थीम किंवा प्लगइन बदललं की वहीतली यादी काढून तपासणी पुन्हा करा. नवी ओळ दिसली तर ते प्लगइन बंद करून पान लोड करा, म्हणजे ती कुठून आली ते लगेच कळेल.