पाय खाली, गाळ वर

केव्ह डायव्हिंगच्या (पाण्याखालच्या गुहांतल्या डायव्हिंगच्या) कोर्सआधी मोकळ्या पाण्यात सराव चालला होता. मागून येणाऱ्या जोडीदाराला गाइडलाइनच, म्हणजे वाट दाखवणारी दोरीच, दिसेना, कारण माझ्या प्रत्येक किकला तळाचा गाळ उठत होता. फ्रॉग किक (बेडकासारखी, पाणी मागे ढकलणारी) तर मी नीट मारत होतो! व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं: डोकं वर, पाय खाली, अंग जवळजवळ ४५ अंशांत. किक मागे जायच्या ऐवजी सरळ तळावर जात होती.

पायात घालायचे नवे फिन्स घ्यायचा मोह झालाच. (वस्तू विकत घेतली की दोष जातो, हा आपला जुना गैरसमज.) पण आधी खाली जाण्यासाठी बांधलेल्या शिशाचं वजन तपासलं. टाकीत ५० बार दाबाची हवा उरलेली, खोली ५ मीटर, बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) पूर्ण रिकामं. एवढ्यावर जागच्या जागी तरंगता यायला हवं. मी धोंड्यासारखा खाली. २ किलो शिसं जादा होतं. ते पेलायला बीसीडीत हवा भरायची, ती खांद्यांकडे चढायची आणि कमरेचा पट्टा पाय खाली ओढायचा.

जादा शिसं काढलं. उरलेल्या ६ पैकी २ किलो टाकीच्या वरच्या पट्ट्याला बांधलं. बाकीचं कमरेलाच, अडचणीत टाकून देता यावं म्हणून. टाकीही तीनेक सेंटीमीटर वर सरकवली, फक्त मान मागे केल्यावर डोकं फर्स्ट स्टेजवर (टाकीच्या तोंडाशी बसवलेल्या रेग्युलेटरच्या भागावर) आपटत नाही ना, ते पाहून.

पुढच्या डाइव्हला हातपाय न हलवता अर्धा मिनिट थांबलो. पाय जागेवरच. जोडीदाराने मागून टॉर्चने ओकेचा गोल काढला.