उन्हाला नावं ठेवण्याआधी टायमिंग बघा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. अशात एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी सात रस्त्याला वाफ सोडत उभी राहिली की जो तो उन्हाला नावं ठेवतो. मीही दोन उन्हाळे रेडिएटर साफ करून घेण्यात घालवले. खरं दुखणं निघालं टायमिंगचं, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याच्या वेळेचं. ते मागे गेलं होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. ठिणगी उशिरा पडली की पिस्टन खाली निघाल्यावरही जाळ चालूच राहतो. मग चाकाला मिळायची ताकद उष्णता होऊन एक्झॉस्टकडे जाते. गाडी ओढत नाही, पेट्रोल पिते, वर तापते.

आणि मागे नेतो कोण? बहुतेकदा आपणच. तुळजापूरच्या घाटात इंजिन नॉकिंग करायला, म्हणजे टकटक वाजायला लागलं की डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) जरा फिरवायचा. आवाज थांबला की खूश. दोन-तीनदा असं झालं की झालं काम.

दुसरी चूक क्रमाची. लोक आधी टायमिंग लावतात, मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, उघडला की ठिणगी पडते तो स्विच)! पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे जातं. पॉइंटची टाच झिजून गॅप कमी झाला तर मागे. म्हणजे हात न लावताही ते सरकत असतं. म्हणून आधी फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावा, मग टायमिंग. १४८९ सीसी अम्बॅसडरच्या ल्युकास डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी गॅप चालतो. पद्मिनीचा आकडा तिच्या पुस्तकातूनच घ्या, मित्राच्या तोंडून नको.

इंजिनच्या पुलीवरची टायमिंगची खूण जुळली म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. पहिला पिस्टन दर फेरीला वर येतो, पण कॉम्प्रेशनवर, म्हणजे हवा दाबत, दोन फेऱ्यांतून एकदाच. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. हवा अंगठा ढकलत असताना खूण जुळली पाहिजे. चुकलं तर कार्ब्युरेटरमधून असा फटाका निघतो की शेजारी खिडकीत येतात. फायरिंग ऑर्डर दोन्ही गाड्यांची १-३-४-२.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून खूण दाखवणारा दिवा) नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब पुरतो. एक वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला, चावी चालू. बल्ब पेटला तो क्षण ठिणगीचा. इंजिन त्याच्या दिशेनेच फिरवा. खूण ओलांडली तर बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, नाहीतर चेनची ढिलाई तुम्हाला फसवेल. चावी फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.

लाइट असेल तर डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि इंजिन स्लोवर ठेवा. रेस वाढली की डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं टायमिंग आपोआप पुढे नेतात आणि चुकीचा आकडा दिसतो. क्लॅम्प आवळताना डिस्ट्रिब्युटर हलतोच, तेव्हा आवळून झाल्यावर परत बघा.

शेवटची परीक्षा घाटातच, चौथ्या गिअरमध्ये. दाबल्यावर क्षणभर बारीक टिकटिक होऊन थांबली तर ठीक. चालूच राहिली तर एखादी डिग्री मागे, त्याहून जास्त नको.