दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे, मग ऑफिसातून सुट्टी काढायची कशी?

नोकरी करता करता दुसरी शोधायची म्हणजे इंटरव्ह्यू देण्यापेक्षा इंटरव्ह्यूला वेळ काढणंच जास्त अवघड, ज्यानं केलंय त्याला माहितीये. तिकडून मेल येतो उद्या अकरा वाजता या, इकडे अकरालाच टीमची मीटिंग, आणि आपण जागेवर बसून विचार करतोय की दाढ दुखतेय म्हणावं का घरात नळ फुटला म्हणावं. मी हे तीन-चार वेळा केलंय आणि माती पण खाल्लीये, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

१. रजा टाकायच्या आधी, ती टाकण्यासारखी आहे का ते बघा

बहुतेक जण मेल आला की आनंदाच्या भरात आधी रजा टाकतात आणि मग तिकडे जाऊन चौकशी करतात. एकदा मीही अख्ख्या दिवसाची रजा टाकून गेलो, दोन तास बाहेर बसवलं, मग इंटरव्ह्यू पण झकास झाला, आणि शेवटी पगाराचा आकडा निघाला तो मला तेव्हा मिळत होता त्याच्यापेक्षा कमी. रजा गेली ती गेलीच. तेव्हापासून फोनवर चार गोष्टी कळल्याशिवाय मी रजेला हात लावत नाही: पगार साधारण कुठून कुठपर्यंत, काम नक्की कसलं, ऑफिसला रोज यायचंय का आठवड्यातले काही दिवस, आणि एकूण राउंड किती. विचारायला लाजायचं काही कारण नाही, सरळ म्हणा की "मी सध्या नोकरीत आहे, रजा बघून टाकावी लागते, म्हणून आधी विचारून घेतो." समोरचा एचआरवाला हे दिवसातून दहा वेळा ऐकत असतो. आणि याच प्रश्नांवर कोणी चिडचिड करत असेल तर तुमची एक रजा वाचली असं समजा.

राउंडचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पाच राउंड आणि पाच वेगवेगळे दिवस असं असेल तर तुमच्या रजांचं दिवाळं निघणार, आणि महिन्यात पाच वेळा गायब झालात की शेजारच्या टेबलवाल्याला पण वास येतो. म्हणून सुरुवातीलाच विचारा, "मधले राउंड एकाच दिवशी होतील का, म्हणजे मी हाफ डे काढून येतो." प्रत्येक ठिकाणी जमतंच असं नाही पण पुष्कळ ठिकाणी जमतं, फक्त आपण विचारत नाही.

२. वेळ तुम्ही सुचवा

"तुम्हाला कधी जमेल?" असं विचारलं की आपण भिडेखातर "कधीही चालेल" म्हणतो. हे म्हणू नका. सकाळचा अगदी पहिला किंवा संध्याकाळचा अगदी शेवटचा स्लॉट मागा, म्हणजे ऑफिसात "आज तासभर उशिरा येतो" किंवा "आज जरा लवकर निघतो" एवढ्यावर भागतं, रजा टाकायची वेळच येत नाही. सोयीच्या दोन-तीन वेळा वारासकट लिहून पाठवा, आणि समोरची माणसं दुसऱ्या देशात बसली असतील तर कोणाच्या घड्याळाप्रमाणे ते पण लिहा, यात गोंधळ झाला तर फार वाईट वाटतं. ओळख करून घ्यायचा पहिला फोन साधारण १५ ते ३० मिनिटांचा असतो, तो जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन उरकता येतो. तासाभराचा व्हिडिओ कॉल मात्र जेवणाच्या सुट्टीत बसवायला जाऊ नका, तो लांबतो आणि तुमचं अर्धं लक्ष घड्याळात राहतं.

थोडक्यात हिशोब असा ठेवा की फोनला सुट्टी नाही, मधल्या राउंडला उशिरा येणं नाहीतर हाफ डे, आणि पूर्ण दिवस फक्त शेवटच्या समोरासमोरच्या राउंडसाठी.

३. कारण काय सांगायचं

इथेच लोक सगळ्यात जास्त डोकं चालवतात आणि इथेच फसतात. माझं मत स्पष्ट आहे, "पर्सनल काम आहे" याच्यापुढे एक शब्द बोलायचा नाही. "गुरुवारी दुपारनंतर हाफ डे घेतोय, पर्सनल काम आहे, रिपोर्ट सकाळीच पाठवून निघतो." संपलं. कारण जितकं रंगवून सांगाल तितकं ते लक्षात ठेवावं लागतं. मी एकदा दाढेचं कारण दिलं होतं, तर आमचे तेव्हाचे मॅनेजर भले माणूस, पुढचा आठवडाभर रोज येऊन दाढेची चौकशी करत होते, वर डेंटिस्टचा नंबर पण दिला, आणि मी गाल धरून बसायचो. नंतर खरंच दाढ दुखली तेव्हा सांगायची सोय राहिली नाही.

आजारपणाची रजा तर यासाठी वापरूच नका. काही ठिकाणी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, शिवाय आजारी आहे म्हणून सांगितलं आणि कोणी तुम्हाला कडक इस्त्रीच्या कपड्यात रस्त्यात बघितलं तर विषय रजेचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो, आणि ते जास्त महागात पडतं. घरच्यांना आजारी पाडणं, आजीला दुसऱ्यांदा मारणं हे पण नको.

रजा शक्यतो दोन-तीन दिवस आधी मागा आणि तुमच्या कामाची सोय काय केलीये ते त्याच मेलमध्ये लिहा, मग कारणाकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही, मॅनेजरला काळजी कामाची असते. आणि दर वेळी सोमवार किंवा शुक्रवारच पकडू नका, सगळ्यांच्या आधी तोच पॅटर्न दिसतो.

शिफ्टमध्ये काम करत असाल, दुकानात, हॉस्पिटलात, कारखान्यात, तर तुमचा रस्ता वेगळा आणि खरं सांगायचं तर जरा सोपा. वीक-ऑफचा दिवस इंटरव्ह्यूसाठी मागा किंवा सोबतच्या माणसाशी शिफ्ट बदलून घ्या, फक्त ती बदली सुपरवायझरला कळवून करा आणि त्याची एक शिफ्ट नंतर भरून द्या, म्हणजे पुढच्या वेळी पण तो हो म्हणेल.

४. ऑफिसच्या वस्तूंना हात लावू नका

इंटरव्ह्यूचा मेल ऑफिसच्या आयडीवर नको, कॉल ऑफिसच्या लॅपटॉपवरून नको, ऑफिसचं वायफाय पण नको, स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा वापरा. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये त्या वेळेला नुसतं "बिझी" टाका, कंपनीचं नाव वगैरे काही नको, बऱ्याच ठिकाणी अख्खी टीम एकमेकांचं कॅलेंडर बघू शकते. बायोडेटा ऑफिसच्या प्रिंटरवर काढू नका, काढलात तर तो प्रिंटरवरच विसरणार हे ठरलेलं.

लिंक्डइनवर "ओपन टू वर्क", म्हणजे नोकरी शोधतोय अशी खूण, लावताना फक्त रिक्रूटर्सना दिसेल तो पर्याय निवडा, दुसऱ्या पर्यायात फोटोवर येणारी हिरवी पट्टी सगळ्यांना दिसते. लिंक्डइन तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून हे लपवायचा प्रयत्न करतं पण शंभर टक्के गॅरंटी तेही देत नाही. प्रोफाइल बदलताना नेटवर्कला कळवायचं सेटिंग बंद करा आणि मग बदल करा.

५. त्या दिवशी

हाफ डे घेतला की लोक इंटरव्ह्यूचा एक तास धरतात आणि त्याच्यावर पंधरा मिनिटांनी ऑफिसची मीटिंग लावून ठेवतात. तसं नको. जायचा-यायचा वेळ, वीस मिनिटं आधी पोचणं, तिथे बसवून ठेवणं, आणि इंटरव्ह्यू चांगला चालला तर "जरा आमच्या सरांना पण भेटून जा" हे सगळं धरा. कमीत कमी दीड-दोन तास जास्तीचे मोकळे ठेवा. त्यापेक्षा दुपारनंतरचा हाफ डे घेतला तर परत ऑफिसला जायची कटकटच नाही.

कपडे हा दुसरा पुरावा. रोज टीशर्टवर येणारा माणूस एक दिवस फॉर्मल शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून आला की सगळे एकच जोक मारतात आणि तो जोक खरा असतो. शर्ट बॅगेत न्या, वाटेत बदला. नाहीतर अधूनमधून उगाच नीटनेटकं यायची सवय लावून घ्या, मी शेवटी तेच केलं.

घरून काम करत असाल तरी "कोणाला कळतंय" म्हणून ऑनलाइन दिसत राहून इंटरव्ह्यू देऊ नका, नेमका तेव्हाच कोणीतरी कॉल करतो आणि दोन्हीकडे ततपप होतं. तासभर बिझी टाका, तेवढं काम नंतर भरून काढा. गाडीत बसून व्हिडिओ कॉल द्यायची वेळ आली तर गाडी उभी करून, फोन स्टँडवर लावून, चार्जिंग आणि नेटवर्क आधी बघून, आणि उजेड चेहऱ्यावर येईल असं बसा.

ऐन वेळी ऑफिसात आग लागली, म्हणजे काम अडकलं, तर इंटरव्ह्यूवाल्यांना लगेच कळवा आणि त्याच मेसेजमध्ये पुढच्या दोन वेळा द्या. एकदा चालतं. दुसऱ्यांदा तेच केलंत तर तुम्हाला नोकरी नकोय असं त्यांना वाटतं.

६. बॉसनं तोंडावर विचारलं तर

"बाहेर बघतोयस का?" असं कोणी थेट विचारलं तर शपथा घेऊन नाही म्हणू नका, महिन्याभरात राजीनामा दिलात की ती शपथ आठवते. लगेच कबूलही करायची गरज नाही. "कामात काही कमी दिसलं का?" असं उलट विचारा, बऱ्याचदा विषय तिथेच कामावर वळतो. ऑफिसातल्या जवळच्या मित्राला पण सांगू नका, तो वाईट असतो म्हणून नाही, तोही कोणालातरी जवळचं मानतो म्हणून.

तिकडच्या लोकांना मात्र पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा की माझ्या आत्ताच्या ऑफिसात चौकशीचा फोन करू नका, रेफरन्स लागला तर जुन्या नोकरीतल्या साहेबांचा देतो, आणि इथली चौकशी लेखी ऑफर हातात आल्यावर.

एक शेवटचं राहिलं. ऑफर लेखी येईपर्यंत एक-दोन रजा शिल्लक ठेवा, कागदपत्रं, मेडिकल, कशासाठीतरी पुन्हा बोलावतातच. ही कामं राजीनाम्याच्या आधी उरका, कारण नोटीस पीरियडमध्ये बऱ्याच कंपन्या रजा देत नाहीत किंवा घेतलेल्या रजेइतके नोटीसचे दिवस वाढवतात. तुमच्याकडे काय नियम आहे ते सहसा अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेलं असतं, ते घरी बसून वाचा, एचआरला जाऊन विचारू नका.