अडकलेला स्क्रू यंत्राला इजा न करता कसा काढावा

होळी झाली की खान्देशात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, आणि त्याच आठवड्यात घरोघरी एक तक्रार ऐकू येते की पंप तपासायचा आहे, पण जाळीचा एक स्क्रू काही केल्या सुटत नाही. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे उन्हाळाभर कूलरला उसंत नसते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार स्क्रूच्या डोक्यावर वाळत राहतात आणि कूलर माळ्यावर पडून असतो त्या महिन्यांत क्षार, धूळ व गंज यांचा तो थर दगडासारखा घट्ट होतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात हीच गत मोटारीच्या स्टार्टरची होते, कारण ठिबकमधून खत सोडण्याची व्यवस्था पुष्कळदा स्टार्टरच्या पेटीशेजारीच असते आणि म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड लोखंडाला फार लवकर खाते. माझा अनुभव असा की यंत्राचे नुकसान गंजामुळे क्वचितच होते. ते होते गंजलेल्या स्क्रूला चुकीच्या हत्याराने दिलेल्या पहिल्या दोन हिसड्यांमुळे. म्हणून तो हिसडा देण्यापूर्वी काय करावे, यालाच येथे अधिक जागा दिली आहे.

विजेचे काम असेल तर आधी विजेचा बंदोबस्त करावा. शेतातील वीज पाळीने येते, आणि ती गेलेली आहे असे समजून पेटीत हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ होय. मेन स्विच बंद करून तिन्ही फ्यूज काढावेत व ते स्वतःच्या खिशात ठेवावेत, म्हणजे दुसरा कोणी अनवधानाने बसवणार नाही. सिंगल फेज मोटारीच्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यानंतरही भार शिल्लक असू शकतो, त्यामुळे होल्डरमधल्या साध्या बल्बच्या तारा त्याच्या दोन्ही टोकांना लावून तो रिकामा केल्याशिवाय त्याला हात लावू नये.

यानंतर स्क्रू नेमका कशामुळे अडला आहे, ते पाहावे, कारण प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे. तांबूस गंज दिसत असेल तर लोखंड लोखंडाला धरून बसले आहे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांमध्ये पाचरीसारखा ठासतो. पांढरट भुकटी दिसली तर जस्ताचा मुलामा गेलेला असतो किंवा ॲल्युमिनियमच्या अंगात बसवलेल्या स्टीलच्या स्क्रूभोवती ॲल्युमिनियम कुजू लागलेले असते. शेजारच्या स्क्रूच्या आट्यांवर निळा किंवा लाल वाळलेला थर दिसला तर तेथे थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा डिंकासारखा द्रव, लावलेले आहे, आणि त्यावर तेलाचा उपयोग जवळजवळ होत नाही. स्क्रू फिरतो पण बाहेर येत नाही, असा प्रकार असेल तर तो अडलेलाच नाही. त्याचे आटे गेले आहेत किंवा मागचा नट त्याच्याबरोबर फिरतो आहे, आणि अशा ठिकाणी तेल, उष्णता व हातोडी हे सारे निरर्थक ठरते.

खाच साफ करणे हे काम सर्वांत कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त टाळले जाते. दाभणाने किंवा मोठ्या सुईने खाचेतील रंग, माती आणि क्षार तळापर्यंत कोरून काढावा. डोक्याभोवतीचा रंगही ब्लेडने गोलाकार कापावा. क्षार फार असेल तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे आणि मग पुसून घ्यावे. खाचेच्या तळाशी अर्धा मिलिमीटर माती राहिली तरी बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचे खाचेत बसणारे टोक, पूर्ण बसत नाही आणि पहिल्याच जोराला वर चढते.

बिटाची निवड त्याहून महत्त्वाची. ज्या स्क्रूला आपल्याकडे दुकानात सर्रास ‘स्टार’ म्हणतात, तो खरे तर फुलीच्या खाचेचा फिलिप्स असतो. सहा टोकांच्या चांदणीचा टॉर्क्स हा वेगळा प्रकार आहे, आणि या नावाच्या घोळामुळे दुकानातून चुकीचा बिट घरी येतो. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती तिरप्या असल्यामुळे जोर वाढला की बिट वर सरकतो. फुलीच्या चार पाकळ्यांमध्ये बारीक रेषा असतील तर तो पोझिड्राइव्ह समजावा. जपानी यंत्रांच्या स्क्रूवर एका बाजूला लहानसा ठिपका असला तर तो जपानी मापाचा असतो. दिसायला हे तिन्ही सारखेच, परंतु एकाचा बिट दुसऱ्यात घातला की खाच झिजते. योग्य बिट हलवून पाहिला तर खाचेत डुलत नाही आणि स्क्रू उलटा धरला तरी बहुधा गळून पडत नाही. टोक गोलावलेला जुना बिट ‘चालून जाईल’ म्हणून वापरू नये. नवा बिट थोडक्या पैशांत येतो, झिजलेल्या खाचेची दुरुस्ती मात्र अर्धा दिवस खाते.

आता तेल. गंज सोडवणारे पातळ तेल स्प्रेच्या डब्यात मिळते. शेतावर ते नसेल तर डिझेल किंवा रॉकेल चालते, पण शिलाई मशीनचे किंवा इंजिनाचे तेल एकटे वापरल्यास ते आट्यांत उतरण्याइतके पातळ नसते. डब्ल्यूडी-४० हे द्रावण १९५३ साली मुळात पाणी हटवण्यासाठी तयार झाले होते; ते हलक्या गंजाला पुरते, जुन्या गंजाला खास गंजसोडवे तेल बरे. तेल किती ओतले यापेक्षा ते किती वेळ ओले राहिले याला महत्त्व आहे, आणि वैशाखाच्या झळांत रॉकेल पाहता पाहता उडून जाते, म्हणून स्क्रूवर तेलात भिजवलेल्या चिंधीची लहान घडी ठेवून ती वरून प्लास्टिकने झाकावी. तेल टाकल्यावर डोक्यावर लहान हातोडीने पाच-सहा हलके ठोके द्यावेत. त्या कंपनाने गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरते. शक्य असल्यास हा क्रम संध्याकाळी करून रात्रभर तसेच ठेवावे. बेकेलाइट, प्लास्टिक व वायरींवर तेल ओघळू देऊ नये.

सकाळी स्क्रू थेट उलटा फिरवायला जाऊ नये. बिट खाचेत सरळ बसवून, तळहाताने मागून दाब देऊन, आधी तो किंचित घट्ट करण्याच्या दिशेने ढकलावा. ही गोष्ट विचित्र वाटते, परंतु गंजाची पकड मोडायला दोन्ही दिशा सारख्याच, आणि सोडण्याच्या बाजूने झिजलेली खाच घट्ट करण्याच्या बाजूला कोरी असते. बारीकसा ‘टक्’ असा आवाज आला की समजावे, पकड सुटली. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा थेंबभर तेल, असे करत तो बाहेर आणावा. एकदा हलला म्हणून एका दमात ओढला की गंजाची भुकटी आट्यांत गोळा होऊन स्क्रू मध्येच पुन्हा जाम होतो आणि तुटतो. हातोडीचा ठोका फिरण्यात बदलणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर बिडाच्या अंगावर उत्तम चालतो, पण बेकेलाइटच्या झाकणावर त्याचा एक ठोका म्हणजे झाकणाचे दोन तुकडे.

उष्णतेविषयी बरेच गैरसमज आहेत. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, हे खरे. पण म्हणून दुपारच्या उन्हात पेटी तापू द्यावी असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये. ६ मिलिमीटरच्या छिद्राला २० अंशांच्या फरकाने मिळणारी सैलता मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून जरा अधिक, एवढीच असते. उन्हाने स्क्रू सैल होत नाही, माणूस होतो. ४० वॅटच्या सोल्डरिंग लोखंडाचे टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटे दाबून धरले तर मात्र लहान स्क्रू चांगला तापतो, आणि थंड होताना आकसला की गंजाचा सांधा मोडतो. निळे थ्रेडलॉकर योग्य बिटाने हातानेही सुटते आणि उष्णतेने आणखी सहज सुटते. लाल प्रकाराला सुमारे २५० अंश तापमान लागते, ते लहान लोखंडाने साधत नाही, त्याला हीट गन हवी. तेल टाकलेल्या जागी उघडी ज्योत कधीही आणू नये, आणि कपॅसिटर, बेअरिंगचे सील किंवा वायरी जवळ असतील तर हीट गनही नको.

खाच आधीच गोल झाली असेल, तर सौम्य उपायापासून सुरुवात करावी. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा बिटाखाली ठेवून दाबल्यास हलक्या झिजेला पुरतो. मला त्याहून गाड्यांच्या व्हाल्व्हला लावतात ती खरखरीत ग्राइंडिंग पेस्ट अधिक भरवशाची वाटते. बिटाच्या टोकाला चिमूटभर लावली की त्यातील कण दोन्ही धातूंत रुततात. एलन कीची षटकोनी खाच गोल झाली असेल तर किंचित मोठा टॉर्क्स बिट हातोडीने ठोकून बसवावा. डोके पृष्ठभागाच्या वर असेल तर व्हाइस ग्रिपने कडेने घट्ट धरून फिरवावे किंवा हॅकसॉच्या पात्याने त्यावर नवी सरळ खाच पाडावी. डोके बुडालेले असेल तर कडेला टोकदार छिन्नी तिरपी लावून उलट्या दिशेने हलके ठोके द्यावेत.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या काकांच्या स्टार्टरच्या पेटीचा चौथा स्क्रू असाच राहिला होता. तीन सुटले, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौथ्याची खाच वाटीसारखी गुळगुळीत झालेली. मी ५ मिलिमीटरच्या स्क्रूला ५ मिलिमीटरचेच ड्रिल लावून, आधी मधोमध सेंटर पंचाने खूण करून, फक्त डोके कापून काढले; झाकण निघाले आणि मागे उरलेला खुंट पक्कडीने धरून दोन फेऱ्यांत हाताने सुटला, कारण डोक्याचा ताण गेल्यावर आट्यांत धरून ठेवण्यासारखे फारसे उरतच नाही. छिद्राखाली काकूंकडून मागून आणलेल्या कणकेचे आळे केले होते, त्यात लोखंडाचा सगळा भुगा अडकला. हा भुगा कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे स्टार्टरमधील मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, पट्ट्यांवर पडला तर पुढे ठिणग्या उडतात. चुंबकाने लोखंड उचलता येते, पण पितळ आणि ॲल्युमिनियमच्या कणांना कणीकच हवी.

तुटलेल्या स्क्रूत छिद्र पाडून त्यात पिळायच्या उलट आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरबद्दल मी सावध आहे, आणि त्याला कारण आहे. घरच्या मोनोब्लॉक पंपाच्या ॲल्युमिनियमच्या टर्मिनल बॉक्समध्ये तुटलेला ६ मिलिमीटरचा स्क्रू काढताना छिद्र मध्यापासून जरासे सरकले होते, आणि ते दिसत असूनही मी एक्स्ट्रॅक्टर पिळत राहिलो. तो आतच तुटला. एक्स्ट्रॅक्टर इतक्या कडक पोलादाचा असतो की साधे ड्रिल त्यावर नुसते घसरते. शेवटी ती पेटी लेथवाल्याकडे न्यावी लागली. म्हणून छिद्र अगदी मधोमध असेल, तेल आणि उष्णता देऊन झाली असेल, आणि तरीही हात हलका ठेवण्याची तयारी असेल, तरच तो वापरावा. त्यापेक्षा उलट्या फिरणाऱ्या, म्हणजे डाव्या हाताच्या ड्रिलने कमी वेगात छिद्र पाडणे चांगले. पुष्कळदा छिद्र पडता पडताच स्क्रू आपोआप मागे सरकतो.

नुसता फिरणारा स्क्रू असेल तर झाकणाखाली पातळ पुट्टीची पट्टी सरकवून ते वर उचलून धरावे आणि ताण कायम ठेवून स्क्रू फिरवावा. उरलेल्या आट्यांना तेवढा आधार पुरतो. आणि जोर लावण्यापूर्वी एकदा आटे डावे तर नाहीत ना, हे आठवावे: टेबल फॅनच्या पात्याची मळसूत्री टोपी, सायकलचे डावे पॅडल आणि बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट हे उजवीकडे फिरवल्यावर सुटतात.

काढलेला गंजका स्क्रू पुन्हा बसवू नये. छिद्रात योग्य मापाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हाताने फिरवून आटे साफ करावेत, नव्या स्क्रूला ग्रीस किंवा अँटीसीझ (स्क्रू जाम होऊ न देणारा लेप) लावावे, विशेषतः स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जात असेल तर. सर्व स्क्रू आधी बोटांनी दोन-तीन फेरे बसवून मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. शेतावरच्या पेटीच्या झाकणाला आतून, कॉन्टॅक्टर व वायरींपासून दूर, त्याच मापाचे दोन जादा स्क्रू तेलकट कागदात गुंडाळून टेपने चिकटवून ठेवावेत, कारण मळ्यातून हार्डवेअरचे दुकान नेहमीच दोन गावे पलीकडे असते.